जाळपोळीच्या गुन्ह्यात फायरमनला शिक्षा: सोलापुरातून अपील कसे करायचे

आग विझवणाऱ्यानेच आग लावली, असा निकाल लागला की घरच्यांना शिक्षेइतकाच लोकांच्या बोलण्याचा मार बसतो. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ हे वाक्य गल्लीत ऐकू येते, पेपरात छापून येते आणि कधीकधी निकालपत्रातही उतरते. त्या गोंधळात पहिले पंधरा दिवस वाया जातात. नातेवाईक नगरसेवकाकडे जातात, युनियनकडे जातात आणि वकिलाकडे सगळ्यात शेवटी येतात. तोवर मुदतीचे घड्याळ चालू झालेले असते.

महापालिकेच्या किंवा कारखान्याच्या अग्निशमन दलातल्या कर्मचाऱ्याला सोलापूर जिल्ह्यातल्या कोर्टात जाळपोळीबद्दल शिक्षा झाली, तर पुढे काय आणि कोणत्या क्रमाने करायचे, ते इथे सांगतो. माझे मत आधीच मांडतो. अशा अपिलात गणवेश दोन्ही बाजूंनी बोलतो. शिक्षा ठरवताना तो विरोधात जातो, पण पुरावा तपासताना आरोपीला असलेले आगीचे ज्ञान हे वकिलाचे मोठे भांडवल असते. मी पाहिलेल्या बहुतेक अपील अर्जांत पहिल्या गोष्टीचे रडगाणे पानभर असते आणि दुसरीचा उल्लेखही नसतो.

निकालाच्या दिवशी, कोर्टातून हलण्यापूर्वी

आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची प्रत त्याला तिथल्या तिथे आणि मोफत मिळायला हवी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६३ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०४ हेच सांगते. ती मिळाली तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी वेगळा अर्ज टाका आणि अर्जाची तारीख लिहून ठेवा. ही तारीख पुढे मुदत मोजताना उपयोगी पडते.

त्याच संध्याकाळी निकालपत्राचे शेवटचे पान, म्हणजे आदेश, नीट वाचा. तीन गोष्टी शोधा. पहिली, एकापेक्षा जास्त कलमांखाली शिक्षा असतील तर त्या एकत्र भोगायच्या आहेत की एकामागून एक. जुन्या संहितेखालच्या निकालात न्यायाधीशांनी ‘एकत्र’ असे लिहिले नसेल, तर शिक्षा एकामागून एक मोजल्या जातात, आणि पाच अधिक तीन अशी आठ वर्षे होऊन बसतात. दुसरी, खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस वजा करण्याचा उल्लेख आहे का. जुने कलम ४२८, नवे ४६८. दिवसांचा आकडा तुम्ही स्वतः मोजून ताडून घ्या, कारण अटकेचा दिवस आणि मधला जामिनाचा काळ यांत चुका राहतात. तिसरी, दंड किती आणि तो न भरल्यास वाढीव कैद किती.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर अपील दाखल करायला वेळ मिळावा म्हणून शिक्षा देणारे कोर्टच जामीन देऊ शकते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामिनावर असेल तरी तेच. जुने कलम ३८९(३), नवे ४३०(३). तोंडी विनंती करून थांबू नका, लेखी अर्ज तयार ठेवा. निकालाच्या दिवशी जामीनदार सातबारा किंवा ऐपतदार दाखला घेऊन कोर्टात हजर असला तर आरोपीची तुरुंगातली रात्र वाचू शकते.

कलम कोणते, त्यावर कोर्ट ठरते

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहिता लागू होते, त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. निकाल कधी लागला याला इथे महत्त्व नाही, गुन्हा कधी घडला ते पाहायचे. अपिलाची प्रक्रिया मात्र आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेने चालते. अर्जावर दोन्ही कलमे लिहिण्याची पद्धत पडली आहे आणि ती सुरक्षित आहे.

जाळपोळीची दोन मुख्य कलमे आहेत आणि त्यांच्यातला फरक कळला की निम्मे अपील कळले. जुने ४३५, नवे ३२६(एफ): आगीने मालमत्तेचे नुकसान. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. जुने ४३६, नवे ३२६(जी): राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्याच्या हेतूने लावलेली आग. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

मंगळवेढ्याच्या शिवारातली कडब्याची गंजी उघड्यावर जळाली तर तो शेतमाल, म्हणजे पहिले कलम. तोच कडबा भिंती-छपराच्या गोठ्यात रचलेला असेल तर सरकारी वकील त्याला माल ठेवण्याची इमारत म्हणणार आणि दुसरे कलम लावणार. चार पत्रे टाकलेल्या आडोशाला इमारत म्हणायचे का, हा वादाचा मुद्दा आहे. पंचनाम्यात त्या जागेचे वर्णन कसे केले आहे यावर तो फिरतो. अपिलात गुन्हा दुसऱ्या कलमातून पहिल्या कलमात आला तर शिक्षेचे सगळे गणित बदलते. उच्च न्यायालय असा बदल करू शकते.

जळालेली वस्तू सार्वजनिक मालमत्ता असेल, म्हणजे एसटी, महापालिकेचे गोदाम किंवा अग्निशमन केंद्राचीच शेड, तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदाही लागतो. त्याच्या कलम ४ मध्ये आगीने केलेल्या नुकसानीला किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षे सक्तमजुरी आहे. एका वर्षापेक्षा कमी शिक्षा द्यायची तर कोर्टाला विशेष कारणे लिहावी लागतात.

आता कोर्ट. न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात. सत्र न्यायाधीशांनी किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी दिली असेल, मग ती सोलापुरात असो, बार्शीत असो की पंढरपुरात, तर अपील उच्च न्यायालयात. पूर्वी हायकोर्ट म्हटले की सोलापूरकर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासोबत सोलापूर जिल्हाही त्याच्याकडे आहे. त्यामुळे नवे अपील कोल्हापूरला. मुंबईत आधी दाखल झालेले जुने अपील असेल तर ते सध्या कुठल्या यादीत आहे, हे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर केस नंबर टाकून पाहा. मुंबईचा वकील कोल्हापूरला येणार का, हेही त्याला आताच विचारा.

दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे अपील साधारणपणे एका न्यायमूर्तींपुढे चालते, जन्मठेपेचे दोन न्यायमूर्तींपुढे.

मुदत मोजण्याची रीत

मर्यादा कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ११५ प्रमाणे उच्च न्यायालयात ६० दिवस, सत्र न्यायालयात ३० दिवस. निकालाचा दिवस धरत नाहीत. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला वेळही वगळला जातो.

समजा, शिक्षा ३ मार्चला झाली. मोजणी ४ मार्चपासून. हायकोर्टाचा साठावा दिवस २ मेला येतो. प्रतीसाठी ५ मार्चला अर्ज केला आणि ती १७ मार्चला तयार झाली, तर हे १३ दिवस मिळून मुदत १५ मेपर्यंत जाते. तरीही माझा सल्ला असा की हे १३ दिवस नाहीतच असे समजून चाला. मोफत प्रत निकालाच्या दिवशीच हातात पडली होती, असा आक्षेप समोरून येऊ शकतो.

उशीर झालाच तर कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. आरोपी तुरुंगात असेल तर कोर्ट सहसा ताठरपणा दाखवत नाही. पण अर्जात ‘घरगुती अडचणींमुळे’ असे मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला काय झाले ते लिहा: कैद्याला सोलापूरच्या जिल्हा कारागृहातून येरवड्याला कधी हलवले, वकीलपत्रावर सही कधी मिळाली, पैसे कधी जमले.

वकील मिळतच नसेल तर कैदी तुरुंगातूनच अपील करू शकतो. अर्ज कारागृह अधीक्षकांकडे द्यायचा, पुढे पाठवणे त्यांचे काम. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, हा समज सोडून द्या. अर्धवट फी घेऊन तारखांना गैरहजर राहणाऱ्या खासगी वकिलापेक्षा प्राधिकरणाचा वकील पुष्कळ बरा.

निकालाविरुद्ध लढायचे की फक्त शिक्षेविरुद्ध

हा निर्णय घरच्यांनी घ्यायचा नाही आणि वकिलानेही एकट्याने नाही. तुरुंगात मुलाखत घेऊन आरोपीशी स्पष्ट बोला.

आरोपीने खटल्यात गुन्हा कबूल केला असेल तर रस्ता एकच उरतो. अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच चालते. गुन्हा नाकारून खटला लढवला असेल तर दोन्ही मुद्दे खुले असतात, आणि अर्जात ते दोन्ही घ्यावेत: मुख्य मागणी निर्दोष सोडण्याची, पर्यायी मागणी शिक्षा कमी करण्याची. ‘पर्यायी मागितली म्हणजे गुन्हा मानला’ अशी भीती अनेकांना वाटते. कोर्ट असा अर्थ काढत नाही.

दुसरी भीती अपील केल्यावर शिक्षा वाढण्याची. फक्त आरोपीचे अपील पुढे असेल तर त्यात शिक्षा वाढवता येत नाही. पण सरकार शिक्षा कमी झाली म्हणून स्वतःचे अपील करू शकते, जुने कलम ३७७, नवे ४१८. तेव्हा आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. निकालानंतर सरकारने असे काही दाखल केले आहे का, यावर लक्ष ठेवा.

एक मुद्दा सारखा विचारला जातो: फायरमन लोकसेवक आहे, मग खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी लागत नव्हती का? जाळपोळ हे कर्तव्याचा भाग म्हणून केलेले काम नव्हे. शिवाय ज्याला काढायला राज्य सरकारची मंजुरी लागते, अशाच लोकसेवकाला ते संरक्षण आहे. फायरमनच्या बाबतीत यावर पान खर्चू नका.

आगीचा पुरावा: इथे फायरमनने स्वतः बसायचे

सत्र न्यायालयाच्या फाईलची पूर्ण झेरॉक्स आधी मिळवा: फिर्याद, सगळे पंचनामे, साक्षी, निशाणी (कोर्टाचा पुराव्याचा क्रमांक) पडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत, आरोपीचा जबाब, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले त्याची नोंद). मग आरोपीला वही-पेन द्या आणि सांगा, ‘आरोपी आहेस हे विसर, केंद्र अधिकाऱ्याने आगीचा अहवाल तपासायला दिलाय असे समज.’ वकिलाला ज्वाळा कळत नाहीत, न्यायाधीशांनाही नाहीत. फायरमनला कळतात.

तपासात बहुतेक वेळा असे लिहिलेले असते: ‘फरशीवर ठिकठिकाणी खोल जळालेले डाग होते, त्यावरून ज्वालाग्राही द्रव टाकला असावा.’ हे वाक्य दिसले की थांबा. बंद खोलीत छताखाली तापलेला धूर साचतो, त्याची धग खालच्या सगळ्या वस्तूंवर पडते आणि मग क्षणात सगळी खोली पेटते. फायरमन याला फ्लॅशओव्हर म्हणतो. त्यानंतर फरशीवर पडणारे डाग पेट्रोल ओतल्यासारखेच दिसू शकतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे १९९० मध्ये लागलेल्या एका आगीबद्दलच्या जाळपोळीच्या खटल्यासाठी तपासनिसांनी तशाच घराला मुद्दाम आग लावून पाहिली. द्रव न टाकताही पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि डाग उमटले. खटल्यातल्या आरोपीवरचे आरोप मागे घेतले गेले. १९९२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने आगीच्या तपासाची ९२१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. आपल्या कोर्टांवर ती बंधनकारक नाही. पण तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्याने डागांवरून थेट हेतूवर उडी मारली असेल, तर त्या उडीला आधार नाही हे दाखवायला ती चालते. अट एवढीच की उलटतपासात हा मुद्दा निदान छेडलेला असावा. छेडला नसेल तर नव्या पुराव्यासाठी जुने कलम ३९१, नवे ४३२ खाली वेगळा अर्ज करावा लागतो, आणि कोर्ट तो सहजासहजी मंजूर करत नाही.

सोलापूरच्या आगींचे एक खास अंग आहे. इथे जळते ते बहुतेकदा सूत, टॉवेल, चादरी आणि कापसाचा कचरा. असा ढिगारा आतल्या आत तासन्‌तास धुमसू शकतो, बाहेर ज्वाळा नंतर येते. ‘आरोपी दोन वाजता तिथून गेला आणि तीन वाजता आग दिसली’ एवढ्यावर साखळी पुरी होत नाही. आग दिसली तीन वाजता, ती लागली कधी? वर्दी रजिस्टरमध्ये लिहिलेली वेळ ही फोन आल्याची असते. तपासी अंमलदाराने ती आगीच्या सुरुवातीची वेळ म्हणून वापरली असेल तर ते अपिलाच्या कारणांत अगदी वर घ्या.

कपड्यांवर पेट्रोल सापडले? फायरमनच्या बाबतीत ही सर्वसामान्य माणसासारखी गोष्ट नाही. पोर्टेबल पंपात पेट्रोल भरणे, बंबाची देखभाल करणे हे त्याचे रोजचे काम. जप्त केलेला गणवेश शेवटच्या धुण्यानंतर किती पाळ्यांत वापरला होता, त्या पाळीत पंपावर कोण होते, हे केंद्राच्या नोंदींतून काढा. तसेच नमुने कसे बांधले ते पंचनाम्यात पाहा. पेट्रोल उडून जाते. नमुना हवाबंद डब्यात हवा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती वाफ निसटते आणि शेजारचा वासही आत येऊ शकतो. जप्तीची तारीख, प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख आणि मधल्या दिवसांत मुद्देमाल कुठे होता, या तीन नोंदी एका कागदावर मांडा. सील जुळते का तेही पाहा. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही वाचता येतो, म्हणून पुष्कळ वकील तो निमूट सोडून देतात. अहवालात ‘पेट्रोलियम हायड्रोकार्बन आढळले’ एवढेच असेल तर ते पेट्रोल, डिझेल की रॉकेल, याचे उत्तर मागा.

१ जुलै २०२४ नंतरच्या प्रकरणांत जप्तीचे चित्रीकरण आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणे कायद्यात आले आहे. ते झाले नसेल तर त्रुटी जरूर मांडा. निव्वळ त्यावर निर्दोष सुटण्याची आशा मात्र धरू नका.

मग कबुली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. फायरमनच्या प्रकरणात घोळ वेगळा असतो. तो पहिल्यांदा आपल्या साहेबापुढे काहीतरी बोललेला असतो, खातेनिहाय चौकशीत लिहून दिलेले असते. अग्निशमन अधिकारी पोलीस नव्हे, त्यामुळे तो अडथळा इथे लागू होत नाही. पण अधिकारपदावरच्या माणसाने ‘लिहून दे, नोकरी वाचवतो’ असे आमिष किंवा धमकी दिली असेल तर ती कबुली बाद होऊ शकते: पुरावा कायद्याचे जुने कलम २४, भारतीय साक्ष्य अधिनियमाचे २२. त्या साहेबाचा उलटतपास शब्द न्‌ शब्द वाचा.

सीसीटीव्ही असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र फाईलला आहे का? अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मूळ उपकरणच कोर्टात आणले असेल तर गोष्ट वेगळी. कॅमेऱ्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे होते, ही नोंद कोणी केलेली नसते. मोबाइलचे लोकेशन आगीच्या जागेजवळ आले म्हणून घाबरू नका, अग्निशमन केंद्रही त्याच टॉवरखाली येते का ते पाहा.

आग लावताना पाहणारा साक्षीदार सहसा नसतो. प्रकरण परिस्थितीजन्य पुराव्यावर उभे असते. तेव्हा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४, हा पुण्याच्या प्रकरणातला निकाल अपिलाचा कणा असतो: प्रत्येक दुवा सिद्ध हवा आणि सगळे दुवे मिळून आरोपीशिवाय दुसरी शक्यता उरता कामा नये. त्याच निकालात आणखी एक हत्यार आहे. जी गोष्ट आरोपीच्या जबाबात, जुने कलम ३१३, नवे ३५१, त्याला विचारलीच गेली नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. न्यायाधीशांनी निकालात आधार घेतलेल्या परिस्थितींची यादी करा आणि जबाबातल्या प्रश्नांशी ताडून पाहा. या कामाला एक दुपार पुरते, आणि माझ्या मते वकिलाच्या त्या महिन्यातली ती सगळ्यात फायद्याची दुपार असते.

शिक्षा: गणवेशाचे ओझे

शिक्षेच्या मुद्द्यावर प्रामाणिक राहा. आग विझवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने आग लावली तर कोर्ट ते गंभीर धरणार. कॅलिफोर्नियात ग्लेनडेलचा अग्निशमन कॅप्टन आणि आगींचा तपासनीस जॉन ऑर याचे उदाहरण जगभर दिले जाते. १९८४ मधल्या एका दुकानाच्या आगीत चार जण मेले आणि त्याला १९९८ मध्ये पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. आपल्याकडेही, १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्या आगीचा आणि जाळपोळीचा संबंध मी जोडत नाही. पण या शहरात आग हा शब्द कोणी हलक्याने घेत नाही, हे ध्यानात ठेवून शब्द निवडावेत. ‘बिचाऱ्याने रागाच्या भरात केले’ असे लिहिलेला अर्ज नुकसानच करतो.

मग काय लिहायचे? आधी बेकायदेशीर भाग शोधा. कलम ४३६ मध्ये जन्मठेप आहे, नाहीतर दहा वर्षांपर्यंत. मधले काही नाही. त्या कलमाखाली बारा वर्षे दिली असतील तर ती शिक्षा टिकत नाही. शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी झाली का, की दोषी ठरवल्यावर पाच मिनिटांत शिक्षा सुनावली? रोजनाम्यात हे दिसते.

त्यानंतर दुहेरी मोजणी. ‘फायरमन असल्याने त्याला परिणाम माहीत होते’ हे कारण न्यायाधीशांनी हेतू सिद्ध करायला वापरले आणि पुन्हा शिक्षा वाढवायलाही वापरले, असे बऱ्याचदा दिसते. फायरमनसाठी कायद्यात वेगळे, जास्त शिक्षेचे कलम नाही. पदाचा गैरवापर खरोखर झाला का, म्हणजे केंद्राचे साहित्य वापरले का, खोटी वर्दी दिली का, स्वतः लावलेल्या आगीवर जाऊन शाबासकी घेतली का, हे पुराव्यात असेल तरच ते वजनदार. नसेल तर फक्त नोकरीचे नाव शिक्षा वाढवायला पुरेसे नाही, असा युक्तिवाद करता येतो. अलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१२, या निकालात शिक्षा गुन्ह्याच्या आणि परिस्थितीच्या प्रमाणात असावी, हे सविस्तर मांडले आहे. तो दोन्ही बाजू वापरतात, म्हणून पूर्ण वाचून मगच द्या.

मग आरोपीचे स्वतःचे. इमारत रिकामी होती का, कोणी जखमी झाले का, नुकसानीचा आकडा पंचनाम्यात एक आणि विमा दाव्यात दुसरा आहे का, पहिलाच गुन्हा आहे का, वय, अवलंबून असलेली माणसे, तुरुंगातली वर्तणूक. सेवापुस्तकातील चांगल्या नोंदी लावा, पण थोडक्यात. ज्या नोकरीचा विश्वास मोडल्याचा आरोप आहे, त्याच नोकरीची प्रशस्तिपत्रे दहा पाने जोडली की ती अंगावर येतात. मानसिक आजाराचे उपचार गुन्ह्याच्या आधीपासून चालू असतील तर ते कागद सगळ्यात मोलाचे. निकालानंतर आणलेल्या दाखल्याला कोर्ट फारशी किंमत देत नाही. नुकसान झालेल्या कुटुंबाला भरपाई म्हणून काही रक्कम कोर्टात जमा करण्याची तयारी असेल तर तसे लेखी कळवा. थेट त्यांच्या घरी जाऊ नका, साक्षीदारांवर दबाव आणल्याचा आरोप होतो.

चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे. पण जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याला ती लागू नाही. म्हणजे ४३५ मध्ये मागता येते, ४३६ मध्ये नाही. गोठा की गंजी हा वाद किती महागाचा आहे, ते इथे कळते.

अपील चालू असताना जामीन

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज द्यायचा. जुने ३८९, नवे ४३०. गुन्ह्याला दहा वर्षे किंवा जास्त, अथवा जन्मठेप होऊ शकत असेल तर सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडायची संधी मिळते, म्हणून दोन-तीन तारखा जातात. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य, १९९९, हा निकाल द्या. अपील लवकर ऐकले जाणे शक्य नसेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. जन्मठेपेत मात्र सुटकेची खरी शक्यता वरवर पाहता दिसते का, हे कोर्ट पाहते. म्हणून या अर्जात आगीच्या पुराव्यातले दोन सर्वात भक्कम मुद्दे घाला, पंधरा घालू नका.

शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दंड आपोआप थांबत नाही. त्याची मागणी वेगळी लिहा.

नोकरीचे काय

इथे लोकांची मोठी फसगत होते. जामीन मिळाला, आता कामावर हजर होतो, असे समजून माणूस केंद्रावर जातो. शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी कायम असते, आणि तिच्या आधारे प्रशासन बडतर्फीची कारवाई करू शकते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्यांनी थांबायलाच हवे असे नाही. १९९५ च्या नागूर मीरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. दोषसिद्धीलाच स्थगिती मागता येते, पण ती अपवादात्मक परिस्थितीत मिळते. जाळपोळीच्या प्रकरणात फायरमनला ती मिळेल यावर मी पैज लावणार नाही. मागायचीच असेल तर नोकरी गेल्याने होणारे न भरून येणारे नुकसान अर्जात ठळक लिहावे लागते.

कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर द्या. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढ्या एका ओळीचे उत्तर पुरत नाही. अपील नंबर, दाखल केल्याची तारीख आणि स्थगितीच्या आदेशाची प्रत जोडा. निर्दोष सुटल्यावर नोकरी परत मागण्यासाठी हाच कागद पाया ठरतो. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांची चौकशी आस्थापना विभागात लेखी करा, तोंडी मिळालेले उत्तर नंतर कोणी कबूल करत नाही.

कोल्हापूरच्या तारखा

अपील दाखल झाले की सत्र न्यायालयाची मूळ फाईल मागवली जाते आणि पेपरबुक, म्हणजे साक्षी व कागदपत्रांचा एकत्र संच, तयार होते. सोलापुरातल्या साक्षी मराठीत, हायकोर्टाचे काम इंग्रजीत. भाषांतर आले की उलटतपासाची पाने आरोपीच्या घरच्या शिकलेल्या माणसाने मूळ मराठीशी लावून पाहावीत. ‘नक्की आठवत नाही’ याचे ‘आठवत नाही’ होऊन गेले तरी युक्तिवादाची धार जाते.

अंतिम सुनावणीला वेळ लागतो. आरोपी तुरुंगात असेल तर लवकर सुनावणीचा अर्ज देत राहा आणि किती शिक्षा भोगून झाली याचा कारागृहाचा दाखला प्रत्येक वेळी ताजा लावा. वकील गैरहजर राहिला म्हणून फौजदारी अपील तसेच फेटाळता येत नाही, कोर्टाला फाईल पाहून गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो. बनी सिंग प्रकरणात १९९६ मध्ये हे ठरले. पण वकिलाशिवाय फाईल वाचली गेली तर आगीचे बारकावे कोण सांगणार? म्हणून रोजची यादी घरच्या एका माणसाने मोबाइलवर पाहायची सवय लावून घ्यावी आणि वकिलाला आदल्या दिवशी फोन करावा.

उच्च न्यायालयानेही शिक्षा कायम ठेवली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते, मुदत ९० दिवस. तिथे पुरावा नव्याने चाळला जात नाही. जामिनावर असलेल्याला शरण जायला हायकोर्टाने दिलेली मुदत वेगळी आणि बहुधा कमी असते. याचिकेची तयारी दिल्लीत चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही. वाढवून हवी असेल तर निकाल देणाऱ्या त्याच न्यायमूर्तींपुढे, निकालाच्या दिवशीच मागावी.